घरभर फॉल्ट

वायरमनला बोलवायचं नाही, असं मी ठरवलं. (शिकलेल्या माणसाला स्वतःच्या घरातल्या वायरी ओळखता येऊ नयेत, ही देशाची शोकांतिका आहे, असं माझं ठाम मत होतं. दुपारपर्यंत.)

झालं असं, की सोनिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईने मिक्सर लावला आणि सगळ्या घराची लाईट गेली. बदलापूरच्या शिरस्त्याप्रमाणे ती आधी गॅलरीत धावली.

"समोरच्यांची आहे रे!" ती हळहळली.

म्हणजे आमचाच ब्रेकर पडला होता. आणि दुपारी तेजलचा, म्हणजे माझ्या बायकोचा, शाळेतल्या नोकरीसाठी ऑनलाईन इंटरव्ह्यू! कित्येक महिन्यांनी आलेला पहिला कॉल. लॅपटॉप इतका म्हातारा, की चार्जरशिवाय डोळेच उघडत नाही.

"वायरमनला फोन कर ना," तेजल म्हणाली.

"वायरमन फॉल्ट दुरुस्त करतो, तेजल. मी फॉल्टच्या मुळाशी जातो."

"जा. पण इंटरव्ह्यूच्या आत वर ये."

मिक्सरचा प्लग काढून ब्रेकर वर केला. लाईट आली. सामान्य माणूस इथे थांबला असता. मी उल्हासनगरहून हौसेने आणलेला टेस्ट लॅम्प काढला (एक बल्ब, दोन वायरी) आणि हॉलच्या सॉकेटमध्ये एक वायर करंटच्या भोकात घातली, दुसरी अर्थिंगच्या.

"गेली!" स्वयंपाकघरातून आई.

"सापडला! हॉलचा सॉकेट फॉल्टी!"

ब्रेकर वर. बेडरूम.

"गेली!"

"हाही फॉल्टी!"

"गेली रे मेल्या! माझं पीठ अंधारात!"

"आई, बिल्डरने आख्खं घर फॉल्टी दिलंय! ग्राहक मंचात खेचतो त्याला!"

इस्त्रीची साडी नेसून तयार झालेली तेजल शांतपणे म्हणाली, "समीर, खालच्या दुकानातून जरा स्क्रू घेऊन ये."

परतलो तर पंखा फिरत होता, फ्रिज गुरगुरत होता. मी लगेच लॅम्प लावला.

"गेली!"

"तू गेलास की लाईट राहते," तेजल म्हणाली, "आलास की जाते."

"योगायोग."

"बरं. अजून स्क्रू आण."

जिन्यात माझे पाय थबकले. करंट अर्थिंगकडे वळला की पडायचं, हेच त्या ब्रेकरचं काम. तो बिचारा इमानाने पडत होता. करंट तिकडे वळवत होतो मी! सकाळी तो पडला होता मिक्सरखाली सांडलेल्या पाण्यामुळे, आणि ते तर केव्हाच वाळलं होतं.

धावत वर आलो. दार बंद.

"हळू," आतून आई कुजबुजली. "सुरू झालाय तिचा. मस्त बोलतेय पोरगी. तू बाहेरच बस."

बसलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे हरिचंद्र काका भाजीची पिशवी घेऊन आले.

"काय रे, पायरीवर? घरात लाईट नाही वाटतं?"

"आहे ना काका," मी म्हणालो. "म्हणूनच."