छत्रीबागेतली संयुक्त बैठक

"महाराष्ट्रात दोन, मध्य प्रदेशात एकच," हृषीकेश दाढीच्या फेसातून मोठ्याने म्हणाला. एका हातात रेझर आणि दुसऱ्या हातात राज्यघटनेचं पुस्तक, अशी त्याची कसरत चालली होती.

"दोन काय, एक काय? पूर्ण बोल," प्राचीने तव्यावरची पोळी उलटली.

"गृहं गं. महाराष्ट्रात दोन गृहं, म्हणजे द्विगृही. इथं एकच. आता तू फायदे-तोटे सांग."

सकाळी कंपनीची बस यायच्या आधी हृषीकेश प्राचीचा अभ्यास घ्यायचा. प्राची महाराष्ट्राच्या राज्यसेवा परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती, आणि ही गोष्ट इंदूरमध्ये या दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. अमरावतीला वडिलांना नाही, नाशिकला सासूबाईंना नाही. पहिल्या वेळी ती नापास झाली तेव्हा नातेवाइकांनी घरात कोणी गेल्यासारखे फोन केले होते. सासूबाई तर आठवडाभर रोज खालच्या आवाजात चौकशी करायच्या. वडील फक्त "असू दे" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. प्राचीला तेच जास्त लागलं होतं. म्हणून या वेळी तिने गुपचूप बँकेची नोकरी सोडली, पुस्तकं पलंगाखाली ठेवली आणि निकाल लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं.

पण छत्रीबागेतल्या या घराच्या वरच्या आणि खालच्या स्वयंपाकघराला जोडणारी हवेची एक पोकळी होती. खाली घरमालकीण शांताबाई पोह्यांना फोडणी देत होत्या. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते हे त्या प्रत्येक भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगत. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरली होती की संसदेच्या सभागृहाला त्या सदन म्हणत. गृह म्हणजे त्यांच्या लेखी घर, दुसरं काही नाही.

"अहो, सुनता का?" त्या बाहेरच्या खोलीत आल्या. "वरच्या हृषीकेशची महाराष्ट्रात दोन घरं आहेत. इथलं वेगळं!"

प्रतापरावांनी पेपरातून मान वर केली नाही. "बढिया आहे. तिकडे मकानाचे भाव चढलेत."

"तुम्हाला कळतच नाही कुछ!" शांताबाई परत पोकळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वर मिक्सर सुरू झाल्याने त्या दिवशी पुढचं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र हृषीकेशचा आवाज स्वच्छ खाली उतरला. "पैशाच्या बाबतीत कनिष्ठ गृहाचंच चालतं. वरिष्ठ गृह फार तर चौदा दिवस अडवून धरेल. पुढे त्याच्या संमतीची गरजच नाही."

शांताबाईंच्या हातून झारा पडला. वरिष्ठ म्हणजे मोठी, कनिष्ठ म्हणजे छोटी. सगळा पैसा छोटीच्या घरी चालला होता आणि बिचाऱ्या मोठीला चौदा दिवसांची मुदत होती! मग वरची प्राची कोण, मोठी की छोटी, की या दोघींहून निराळी तिसरी, याचा त्यांना काही उलगडा होईना.

दुपारी प्राची कपडे वाळत घालायला गच्चीवर आली तेव्हा शांताबाई पापडाचं निमित्त काढून तिथे हजर होत्या.

"प्राची बेटा, काही परेशानी तर नाही ना?"

"नाही काकू. का?"

"नाही, सकाळी आवाज येतो थोडा थोडा खाली."

प्राचीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "काकू, तुम्ही ऐकलंत सगळं?"

"सगळं नाही. पण समजायचं ते समजलं."

"प्लीज कोणाला सांगू नका हं. आमच्या घरी तर मुळीच नाही. एकदा झालंय असं. तेव्हा केवढा तमाशा झाला! या वेळी तरी गुपचूप निभावून न्यायचंय."

शांताबाईंचे डोळे भरले. पोरीला सगळं माहीत होतं, आणि ती एकटीच सोसत होती! त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं. ते वचन त्यांनी दोन दिवस खरोखर पाळलंही. त्यांच्या शेजारणींना ते ऐकून आजही खरं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी वरून हृषीकेश खणखणीत आवाजात म्हणाला, "केंद्रात दोन्ही गृहांतले मतभेद मिटतच नसतील, तर एकच उपाय. संयुक्त बैठक!"

"ऐकलंत?" शांताबाईंनी प्रतापरावांच्या पुढ्यातला पेपर ओढला. "आता तर तो पोरगा खुद म्हणतोय. दोन्ही घरची माणसं बसवायला पाहिजेत."

"अपने को क्या करना?"

"आपल्या छताखाली कोणाचा संसार मोडतोय आणि अपने को क्या?"

भाडेकरू ठेवताना शांताबाईंनी दोघांच्याही घरचे नंबर घेऊन ठेवले होते. त्यांनी नाशिकला फोन लावला आणि मग अमरावतीला. दोन्हीकडे एकच सांगितलं. फोनवर बोलण्यासारखं नाही, बच्चे परेशान आहेत, दोन घरांची बात आहे, रविवारी या, आणि पोरांना कळू देऊ नका.

रविवारी सकाळी हृषीकेशची आई वसुंधराबाई नाशिकच्या बसने आल्या आणि प्राचीचे वडील विजयराव अमरावतीहून. शांताबाईंनी दोघांना आधी खाली बसवलं, चहा दिला आणि चहाबरोबर जे जे ऐकलं होतं ते सगळं दिलं. विजयरावांचा चहा कपातच राहिला.

वर दार उघडलं तेव्हा हृषीकेश आणि प्राची जागच्या जागी थिजले. प्राचीने पायाने एक पुस्तक पलंगाखाली सरकवलं. कळलं, सगळं कळलं, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

वसुंधराबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष," हृषीकेश पुटपुटला.

"दीड वर्ष! आणि हिला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय? सुरुवातच तिच्या हट्टानं झाली, आई. मी आपला सकाळी थोडा वेळ देतो."

"हिच्या हट्टानं?" विजयराव मटकन पलंगावर बसले. "अन् तुझी नोकरी, प्राची?"

"सोडली, बाबा. दोन्ही एकदम जमेना."

"पण हे महाराष्ट्रातच कशाला पाहिजे होतं?"

"इथं सगळं हिंदीत असतं ना. माझी हिंदी कच्ची आहे," प्राची मान खाली घालून म्हणाली. "या वेळी होईल असं वाटतंय. नाहीच झालं तर आणखी एकदा करू."

"आणखी एकदा?" वसुंधराबाई ओरडल्या. "अगं, दोन कमी पडली का?"

"दोन काय?"

"घरं!" दारातून शांताबाई म्हणाल्या. बैठक आपण बोलावली असल्यामुळे त्या मागोमाग वर आल्या होत्या. "महाराष्ट्रातली दोन घरं, बेटा. एक बडी, एक छोटी. पैसा सगळा छोटीकडे."

मग प्राचीच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला आणि ती खालीच बसली. रडते आहे असं समजून विजयराव पुढे झाले, तर ती हसत होती. हसता हसताच तिने पलंगाखाली हात घातला आणि पुस्तकं बाहेर ओढली.

"काकू, विधानसभा आणि विधान परिषद! ही ती दोन गृहं. पैशाचं विधेयक परिषदेला चौदा दिवसच अडवता येतं. परीक्षा आहे माझी, परीक्षा!"

"म्हणजे सदन?" शांताबाईंनी कपाळावर हात मारला. "मग सदन म्हणायचं ना सरळ!"

त्यांच्या मागून प्रतापरावांनी डोकावून पाहिलं. "म्हणजे प्रॉपर्टी नाही?" त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती.

हसणं ओसरल्यावर वसुंधराबाई प्राचीच्या शेजारी येऊन टेकल्या. "मी गेल्या वेळी रोज फोन करायचे, ते तुला टोचलं होय गं?"

"टोचलं नाही, आई. पण तुम्ही इतक्या हळू आवाजात बोलायच्यात की मला वाटायचं, मला काहीतरी मोठा आजार झालाय."

"मग काय ओरडायला हवं होतं?"

"हो."

वसुंधराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पदर खोचून एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या, "बरं, मग ऊठ आणि बस अभ्यासाला! स्वयंपाकघरात दिसलीस तर याद राख. परीक्षा होईपर्यंत मी इथून हलत नाही."

हृषीकेशने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने त्याच्या हातात भाजीची पिशवी दिली.

विजयरावांनी सगळ्यांना समोर बसवलं. "हे पाहा, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. पोरीच्या डोक्याला ताण नको. कोणालाच सांगायचं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी शांताबाईंकडे बघून दोनदा म्हटलं. शांताबाईंनी कानाला हात लावून कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची दूध आणायला खाली उतरली.

"दीदी, पेपर कब है?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

दूधवाल्याने पिशवी देता देता "ऑल द बेस्ट" म्हटलं. समोरच्या भाजीवालीने तर दोन्ही हात उचलून आशीर्वाद दिला. प्राची रागाने वळली. आता काकूंना चार शब्द सुनावायचेच, अशा तयारीने ती घराकडे निघाली, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीपाशी तिला पाठमोरे विजयराव दिसले. भोवती पाच-सहा जण उभे होते. वडिलांच्या हातात पोह्यांची प्लेट होती, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"एक बार फेल हुई, भिया," ते आपल्या अमरावतीच्या हिंदीत सांगत होते. "और किसी को होती तो डर जाती. ये नौकरी छोड के फिर से बैठ रही है! मैंने सुना तो मेरेकू कुछ बोलते नहीं आया. पिछली बार भी नहीं आया था. इतनी हिम्मत मेरे में कभी थीच नहीं."

"वाह, बाऊजी!" पोहेवाला म्हणाला.

विजयराव वळले आणि त्यांना प्राची दिसली.

"मी फक्त याला एकट्याला..." ते चाचरले. गाडीभोवतीचे सगळे आकाशाकडे पाहू लागले.

प्राचीने दुधाची पिशवी गाडीच्या फळीवर ठेवली आणि ती वडिलांना अगदी चिकटून उभी राहिली.

"भिया, एक प्लेट मला पण," ती म्हणाली. "शेव जरा जास्त."