भाऊसाहेबांचा अशक्तपणा

कोणत्याही घराची संस्कृती ते घर आपल्या आजारी जनावराला कसं वागवतं, यावरून ओळखावी. या कसोटीवर माझ्या शेजारचं घर अत्यंत सुसंस्कृत आहे, असं सुरुवातीलाच नमूद करतो. (त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, तीही नावापुरती. त्यामुळे पुढची माहिती खात्रीची.)

या घरात भाऊसाहेब नावाचा ससा आहे. पांढरा, गुबगुबीत, एक कान कायम पडलेला. वयात आल्यावर भाऊसाहेबांचं वर्तन घसरलं. सोफ्याचे सगळे कोपरे ओले करून त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतले. शिवाय त्या घरच्या सासऱ्यांच्या डाव्या चपलेशी त्यांनी असे संबंध जोडले की पाहुणे आले की चपलेवर टॉवेल टाकावा लागे. सासरे निवृत्त हेडक्लार्क. नियमबाह्य संबंध त्यांना सहन होत नाहीत. ऑपरेशन ठरलं.

गाडी माझी होती म्हणून दवाखान्यात मीही गेलो. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नर आहे ना? मग काही नाही. सकाळी आणा, संध्याकाळी न्या. मादी असती तर पोट उघडावं लागलं असतं."

हे ऐकताच घरच्या कर्त्या मुलाने मांडीवर मांडी घातली. ती पुढे भाऊसाहेबांची जखम सुकेपर्यंत खाली आली नाही. त्याची बायको, म्हणजे सूनबाई, पिंजरा मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "पुन्हा सांगता का जरा? नराचं सोपं, असंच ना?"

इथे एक किरकोळ बाब सांगून टाकतो. या घरात आणखी एक ऑपरेशन ठरलेलं होतं. दोन मुलं पुरेत असं नवराबायकोने ठरवलं, तेव्हा माणसांच्या डॉक्टरनेही हेच सांगितलं होतं: पुरुषाचं सोपं, बाईच्या पोटात शिरावं लागतं. घराने साधकबाधक विचार केला आणि अवघड ते बाईने करावं, असं एकमताने ठरलं. (सूनबाई तेव्हा भांडी घासत होत्या.) कारणं सबळ होती. कर्त्या पुरुषाला अशक्तपणा येतो, असं सासूबाईंचं म्हणणं. मुलाचं काम दगदगीचं आहे. तो विमा कंपनीत खुर्चीवर बसतो. आणि खुद्द त्याचं म्हणणं, "तिला सवय आहे, दोनदा झालंय की!" सूनबाईंना पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. विश्रांतीसाठी शनिवार-रविवार मंजूर झाला, रविवारी पाहुणे नसतील या अटीवर.

आता मूळ विषयाकडे वळू.

भाऊसाहेब गुंगीत घरी आले आणि घराची शिस्त बदलली. मधली खोली त्यांना देण्यात आली. सासऱ्यांनी दारावर सूचना लावल्या: रुग्णास उड्या मारू देऊ नयेत. रुग्णास जिना चढू देऊ नये. अंथरूण कोरडं, मऊ आणि रोज बदललेलं असावं. रुग्णासमोर कुकर लावू नये. रुग्णाने खाल्लं का, हे प्रत्येकाने येता-जाता विचारावं. (सूनबाई दोन्ही बाळंतपणांनंतर याच घरात आल्या होत्या. तेव्हा दारावर दूधवाल्याचा हिशेब होता.)

कर्त्या मुलाने रजा काढली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि मालिका नुसत्या ओठांवरून बघितल्या. सशाने ऑपरेशननंतर लवकर खायला हवं, लेंड्या टाकायला हव्यात, नाहीतर आतडं थांबतं आणि जीव जातो, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे घरातलं ऐंशी टक्के बोलणं लेंड्यांवर आलं. उरलेलं वीस टक्के 'चहा झाला का' एवढंच.

पण भाऊसाहेब खाईनात. लेंडी नाही, हालचाल नाही. कोपऱ्यात पोट आवळून बसले. थोरली नात रडायला लागली.

"उपास घडतोय बिचाऱ्याला," सासूबाई म्हणाल्या. "पुरुषाच्या जातीला हे सोसत नाही गं."

"आई, तो मरणार का?" नातीने विचारलं.

सूनबाईंनी ओट्यावरून खोलीत डोकावून पाहिलं. सासू, सासरे, नवरा आणि दोन्ही मुलं, सगळे भाऊसाहेबांभोवती गोल करून, श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सासरे तर गुडघ्यावर.

"सगळे बाहेर व्हा," सूनबाई म्हणाल्या. "एवढी माणसं तोंडाकडे बघत बसली तर मला तरी घास उतरेल का?"

"अगं, पण लक्ष नको का ठेवायला?" नवरा म्हणाला.

"अहो, बाहेर."

दार लागलं. त्या भिंतीकडे तोंड आणि सशाकडे पाठ करून बसल्या. पिचकारीने त्याला पातळ खाणं भरवलं, पुन्हा पाठ केली. बऱ्याच वेळाने मला भिंतीतून गवत कुरतडल्याचा आवाज आला. मग आणखी वेळाने दाराच्या फटीला डोळा लावून बसलेली नात ओरडली, "टाकली! लेंडी टाकली!" त्या घरात एवढा जल्लोष मी कधीच ऐकला नव्हता. (नातवाच्या जन्माच्या वेळी ऐकला होता. नातीच्या नव्हता.)

पुढच्या रविवारी सगळे भाऊसाहेबांना बघायला जमले. मीही होतो. भाऊसाहेब ऐटीत खोलीभर फिरत होते. डाव्या चपलेला हुंगून त्यांनी सोडून दिलं. कर्ता मुलगा छाती फुगवून सगळ्यांना सांगत होता, "बघा! कसला अशक्तपणा नि कसलं काय! पठ्ठ्या पहिल्यापेक्षा तरतरीत झालाय. उगाच घाबरतात लोक. एवढंसं तर असतं!"

"एवढंसंच असतं ना?" सूनबाईंनी चहाचा ट्रे ठेवला. "माझी तारीख मी रद्द केलीय. त्याच दिवशी तुमचं नाव घातलंय."



"माझ्या मुलाला?" सासूबाई किंचाळल्या. "कर्ता आहे तो!"

"भाऊसाहेबही कर्तेच होते, आई. चपलेला विचारा."

"अगं, चारचौघांत काय हे," नवरा पुटपुटला. "विचार करायला वेळ तरी दे."

"घ्या की. हवा तेवढा घ्या." सूनबाईंनी कपाटातून आपली गादी काढली आणि मधल्या खोलीत नेली. "तोवर मी इथे झोपते. इथे काही काळजी नाही."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. दारावरच्या सूचना तशाच आहेत. त्यामुळे तिथे आता कुकर लागत नाही, अंथरूण रोज बदललं जातं, आणि खाल्लं का, हे प्रत्येकजण येता-जाता विचारतो. सासऱ्यांच्या मते नियम रुग्णाचं नाव सांगत नाहीत, सबब ते लागू आहेत.

कर्ता मुलगा अजून विचार करतोय. त्याची मांडी पुन्हा वर गेली आहे.

आणि वाचकहो, तुम्हीसुद्धा. वर दवाखान्यातला प्रसंग वाचताना जी मांडीवर मांडी घातलीत, ती आता खाली घेतलीत तरी चालेल. तारखेची चौकशी बाहेर तुमची बायको करतेय.