ओकसुनआजीचा फाटका शब्दकोश

एका जंगलात, म्हणजे कोरियातल्या एका जंगलात, जपानी भाषेचा वर्ग चाले. मागच्या बाकावरच्यांनो, कोरिया कुठे आहे ते घरी जाऊन बघा. आत्ता गप्प बसा आणि ऐका.

वर्गात दोकपाल नावाचं अस्वल होतं आणि ओकसुन नावाची म्हातारी ससीण होती. ओकसुनची लेक समुद्रापलीकडे जपानी सशाला दिली होती. नात सहा वर्षांची झाली, तरी आजीने तिला पाहिलं नव्हतं. नातीला जपानीच येई. एकदा तिच्याशी पोटभर बोलावं, एवढ्यासाठी म्हातारी या वयात शिकत होती.

आता बघा, कोरियन आणि जपानी वाक्यांची ठेवण बरीचशी सारखी. त्यामुळे दोकपालला वाटे, शब्द बदलला की झालं काम! तो मोबाईलमध्ये शब्द टाकी, पहिला अर्थ उचली आणि झोपून जाई. वर्गात मिळालेला जाडजूड शब्दकोश त्याने वेष्टनातून काढलाही नव्हता.

ओकसुनचं तसं नव्हतं. पहिला अर्थ वाक्यात बसला नाही की ती दुसरा बघे, मग तिसरा. खालची उदाहरणं मोठ्याने वाची. तिच्या शब्दकोशावर गाजराचे डाग पडले, पानं सुटली.

एक दिवस कोल्हेसाहेब पाहणीला आले. शब्दकोश सर्वांत चांगला वापरणाऱ्याला जपानला पाठवायचं होतं. जागा एकच.

"एक शब्द किती वेळा बघता?" साहेबांनी विचारलं.

"एकदाच, साहेब," दोकपाल म्हणाला.

"पाच-सहा वेळा," ओकसुन म्हणाली. "तरी कधीकधी चुकतं हो."

साहेबांनी लिहिलं, 'स्मरणशक्ती कमी.' मग शब्दकोश तपासले. दोकपालचा कोरा करकरीत निघाला.

"याला म्हणतात निगा!" साहेब खूश झाले. "आणि आजीबाई, तुम्ही पुस्तकाची काय ही दशा केलीत?"

दोकपाल जपानला निघाला. म्हातारी बंदरापर्यंत गेली. नातीचा पत्ता त्याच्या हातात देताना तिला रडू आवरेना. "पोर काय म्हणते, तेवढं ऐकून ये रे बाबा."

आठ दिवसांनी तो परतला.

"भेटली?"

"भेटली की! गोड पोर आहे. तासभर बोलत होती."

"काय म्हणाली?"

"पहिल्या शब्दालाच अडलो, आजी. मोबाईलमध्ये बघत होतो. मान वर केली तेव्हा ती रडत होती."

"अगं बाई! का रे?"

"तेच शोधतोय," दोकपाल म्हणाला आणि पुन्हा मोबाईल काढला.

पुढच्या वर्षी पाहणीचं प्रमुखपद दोकपालला मिळालं.

तात्पर्य: बाळांनो, भाषा शिकण्यात वेळ घालवू नका. ती कशी शिकतो, हे साहेबांना नीट सांगायला शिका. नातवंडांशी बोलायला काय, अस्वलं पाठवता येतात.