वेळेआधी बरे झालेले उंदीर

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या त्या कर्करोग संशोधन संस्थेत सोमवारी सकाळी एक गंभीर घटना घडली. औषध लागू पडलं. पिंजऱ्यातल्या उंदरांच्या पोटातल्या गाठी विरत चालल्या होत्या आणि उंदीर निर्लज्जासारखे पोटभर खात होते.

संशोधक बाईंना आधी खरंच वाटेना. त्यांनी पुन्हा तपासलं, सहकाऱ्यांकडून तपासून घेतलं आणि मग भर व्हरांड्यात, वयाला न शोभेल अशी उडी मारली. त्यांच्या थोरल्या जावेला नेमका याच जातीचा कॅन्सर होता. नेहमीच्या औषधांनी केव्हाच हात टेकले होते. संस्थेने हे यश नोंदवलं की माणसांवरच्या चाचण्या सुरू होणार आणि पहिल्या रुग्णांत जाऊबाईंचं नाव लागणार! बाई धावतच नियोजन अधिकाऱ्यांकडे गेल्या.

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. "कुणाजवळ बोलला नाहीत ना?"

"अहो साहेब, औषध लागू पडलंय!"

"तेच म्हणतोय मी. हे आपलं दुसरं वर्ष. दुसऱ्या वर्षी आराखड्यात तुमच्या वाट्याला अपयश आहे. उपयुक्त अपयश. यश चौथ्या वर्षी. तुम्ही आत्ताच यशस्वी होऊन बसलात, आता मी वर काय तोंड दाखवू?"

बाईंना वाटलं, साहेब थट्टा करतायत. पण साहेबांनी उभ्या आयुष्यात थट्टा केली नव्हती. त्यांनी मूल्यमापन समिती बोलावली.

समितीचे अध्यक्ष पूर्वी पूल बांधायचे. कॅन्सरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. नाकाला रुमाल लावून त्यांनी उंदरांची पाहणी केली.

"बाई, पूल मुदतीच्या फार आधी पुरा झाला तर आम्ही काय समजतो? कंत्राटदाराने सिमेंट खाल्लं. तुम्ही काय खाल्लंत?"

"मी कशाला काय खाऊ? गाठी आपोआप... म्हणजे औषधाने विरल्या."

"आपोआप!" अध्यक्ष टिपणं घेणाऱ्या कारकुनाकडे वळले. "लिहा. प्रक्रियेवर नियंत्रण नाही."

शेजारच्या प्रयोगशाळेचंही मूल्यमापन त्याच दिवशी उरकलं. तिथे कित्येक वर्षांत काही म्हणजे काही सापडलं नव्हतं, पण ते अगदी ठरल्या तारखेला सापडलं नव्हतं. त्यांना चषक मिळाला. बाईंना मात्र सुधारण्याची एक संधी देण्यात आली. उंदीर पूर्ववत करावेत.

"म्हणजे बऱ्या झालेल्या जिवांना परत आजारी पाडू?"

"आजारी काय म्हणता! आराखड्याशी सुसंगत करा."

बाईंनी साफ नकार दिला. मग समितीने उंदरांची नोंद 'अनधिकृतरीत्या बरे' अशी केली आणि पिंजऱ्यांच्या खोलीला कुलूप ठोकलं. चाचण्या चौथ्या वर्षात होत्या, तिथेच राहिल्या.

बाई पुन्हा साहेबांच्या दारात. अडला हरी, दुसरं काय करणार! "साहेब, माझी जाऊ आहे हो घरी. लग्न होऊन आले तेव्हा 'जा, अभ्यास कर' म्हणून तिनेच मला स्वयंपाकघरातून हाकललं. नाहीतर मी इथे नसतेच."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. "चौथ्या वर्षी घेऊन या त्यांना. पहिलं नाव त्यांचं, माझा शब्द."

"तोवर राहील का ती?"

"ते मूल्यमापनाच्या कक्षेत येत नाही हो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा आराखडा केला तरी कुठल्या शहाण्याने?"

"लोकांनी," साहेब शांतपणे म्हणाले. "मसुदा प्रत्येक नागरिकाच्या मोबाइलवर पाठवला होता. एकही हरकत आली नाही. गप्प बसला त्याची संमती, असा नियमच आहे."

घरी जाऊबाई उशीला टेकून वाटाणे सोलत होत्या. बाईंनी सगळं सांगितलं, रडल्या, साहेबांना शिव्याही घातल्या. जाऊबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"आला होता गं तो मेसेज," त्या म्हणाल्या. "वर संस्थेचं नाव बघितलं आणि पुढचं न वाचताच पुसला. म्हटलं, आपल्या घरात कुठे कुणाला कॅन्सर आहे?"

त्याच आठवड्यात पुढच्या आराखड्याचा मसुदा आला. नियोजनात संस्था नेहमीच पुढे असे. जाऊबाईंनी चष्मा मागितला आणि हरकत लिहिली, 'आजार तुमच्या वर्षांसाठी थांबत नाही. औषध सापडेल त्या दिवशी द्या.' संस्थेने तत्परतेने पोच दिली आणि रीतसर सुनावणी लावली. चौथ्या वर्षी.

सुनावणीला समिती अगदी वेळेवर जमली, साहेबही हजर होते. जाऊबाईंच्या नावाचा पुकारा झाला. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या गेल्या. दोन वर्षं होत आली." अध्यक्षांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि निर्णय सांगितला. हरकतदार गैरहजर, सबब हरकत निकाली. उर्वरित सर्व नागरिकांची आराखड्यास संमती आहे.

"उर्वरित म्हणजे कोण हो?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी जरा विचार केला. चुकीची माहिती द्यायची नाही, हा त्यांचा बाणा होता.

"ज्यांच्या घरी अजून कुणी आजारी नाही ते," ते म्हणाले.