सबनीसचा घड्याळजी

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. सबनीसच्या पुण्याच्या घरी मी एकदा दीड तास बसलो होतो आणि त्याच्या बायको-मुलीला पोट दुखेपर्यंत हसवलं होतं. त्या दीड तासाची मला आजही लाज वाटते. पण आधी सबनीस.

सबनीसइतका पिळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आखातात, रास अल खैमाच्या आमच्या टाइल्सच्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता, मी खरेदीत. टाइलवरची केसाएवढी चीर त्याला दहा फुटांवरून दिसायची. समोरचा माणूस कंटाळलाय हे मात्र नाकाला नाक लावूनही दिसायचं नाही.

भट्टी बसवायला आलेला एक जपानी इंजिनियर जाताना एक जपानी कादंबरी मागे टाकून गेला, इंग्रजी भाषांतर. शहाणा माणूस, ओझं हलकं केलं. सबनीसनं ती उचलली आणि पुढे नऊ वर्षं आम्हाला सोडलं नाही. एका बेटावरच्या दोन भावांचं वैर, एवढीच गोष्ट. पण ती भाऊ सांगत नाहीत. महिन्यातून एकदा बोटीनं येणारा घड्याळजी सांगतो.

'त्याचा त्यात काडीचा संबंध नाही, दामल्या!' सबनीस डोळे मोठे करून म्हणायचा. 'त्याला जमीन नको, घर नको. घड्याळं उघडतो, चहा पितो, बघतो. म्हणून त्याचंच खरं. स्वतःची गोष्ट स्वतः सांगणारा माणूस वकील असतो, वकील!'

मी चाळिसाव्या पानावरच पुस्तक मिटलं होतं. हे त्याला सांगायची सोय नव्हती.

शुक्रवारी आम्ही चार मराठी कुटुंबं जमायचो. कुणी तोंड उघडलं की याचं बोट वर. 'सांगतंय कोण?'

'अहो, सासू माझी, मीच सांगतेय,' कुलकर्णी वहिनी म्हणाल्या.

'मग खलास! तुमचं धरायचं नाही. शेजारीण काय म्हणते?'

शेजारीण म्हणजे माझी बायको. ती आनंदानं बोलली. त्यानंतर आमची दोन्ही घरं सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हती. एकदा त्यानं माझ्या मुलीला गाठलं. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, 'अंकल, हू केअर्स?' यावर सबनीस खूश. 'ही खरी बाहेरची! हिलाच विचारायला हवं.'

एकदा याच्या पोटात कळ आली म्हणून मी दवाखान्यात नेला. केरळी डॉक्टरनं विचारलं, 'किधर दुखता है?' सबनीसनं माझ्याकडे बोट केलं. 'ये बतायेगा. ये सामने बैठा था.' डॉक्टरनं चष्म्यावरून आम्हा दोघांना पाहिलं आणि आधी माझं ब्लडप्रेशर घेतलं. वाढलेलं निघालं.

अशा माणसापाशी बायको किती टिकणार? मुलगी मधुरा चौथीत असताना ती तिला घेऊन पुण्याला गेली, ती गेलीच. भांडण नाही, काही नाही. 'मी काही बोलले की हे साक्षीदार मागतात,' एवढंच माझ्या बायकोजवळ म्हणाली होती.

मधुरा बारावी झाली तेव्हा आईनं तिला सांगितलं, कॉलेजसाठी बाबांकडे जायचं की इथेच राहायचं, तुझं तू ठरव. मी नेमका तेव्हा सुट्टीवर निघालो होतो. आमच्याकडे रीतच होती, जाणाऱ्याच्या हाती बदाम, साबण, दुधाची पावडर आणि निरोप द्यायचा. सबनीसनं घरी बोलावलं. बदाम दिले नाहीत. खोली दाखवली.

त्याची एकुलती एक बेडरूम. नवं टेबल, त्यावरचं प्लॅस्टिकही न काढलेलं. घरातला एकमेव एसी त्यानं तिथे हलवला होता आणि स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली झोपत होता, जूनमध्ये. दाराला आतून नवी कडी, तिरकी बसलेली.

'मीच बसवली,' तो म्हणाला. 'मोठी झालीय रे ती. तिला आतून बंद करता यायला हवं.' मग घाईघाईनं, 'मी लिहिलं तर तिनं ते खरं का मानावं? तू बाहेरचा. तू माझा घड्याळजी. जे पाहिलंस ते सांग. कौतुक नको.'

पुण्यात सबनीस वहिनींनी पोहे केले. मधुरानं विचारलं, 'काका, बाबा कसे आहेत?' आणि मी सुटलो. दवाखाना सांगितला. बोट वर करून 'सांगतंय कोण?' केलं. नक्कल मला बरी जमते. वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, 'पुरे हो, भाऊजी!' मधुरा तर सोफ्यावरून घसरली. माझ्या बोलण्यावर आयुष्यात कुणी एवढं हसलं नव्हतं.

मग ती थांबली. 'काका, रोज असंच असतं?'

'रोज,' मी म्हणालो.

'मग मी तिथे काय करू?'

ते तिनं खरोखर विचारलं होतं, मला. खोली अगदी जिभेवर आली होती. पण एवढा रंग भरल्यावर कडीबिडीचं कुठे काढायचं? मी आणखी पोहे मागून घेतले.

तिनं पुण्यातच प्रवेश घेतला. मी परतल्यावर सबनीस कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

'सगळं सांगितलंस?'

'जे पाहिलं ते.'

तो बराच वेळ ताटातला भात सपाट करत राहिला. 'म्हणजे तिनं सगळं ऐकून ठरवलं,' म्हणाला. 'मग ठीक आहे.' मला त्यानं एकही उलट प्रश्न केला नाही.

पुढे वर्षभरात मी दुसरी नोकरी धरून अजमानला आलो. मधुराचा पत्ता माझ्याकडे आहे. तिच्या बापानं तिच्यासाठी खोली लावून ठेवली होती, हे तिला जाऊन सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे. एवढं मी तिचं देणं लागतो.