संचालकबाईंचा नामदिन

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी पावणेनऊला डॉ. ओयार्स संस्थेच्या दारातून आत शिरले, तेव्हा कोट ठेवण्याच्या खिडकीपुढे रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात फुले होती. ओयार्सनी सवयीने ती मोजली. तीन, पाच, सात, पुन्हा तीन. सगळीकडे विषम आकडा; सम फुले मयताला नेतात, म्हणजे कोणी वारलेले नव्हते. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले, कारण आज दुसऱ्या कशाचा विचार करायला त्यांना सवड नव्हती.

अकरा वाजता शेजारच्या लिथुआनियातून, विल्न्यूसहून, मूल्यमापन समिती येणार होती. रीगातल्या या भाषा संस्थेचा नावांचा विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ती आज ठरवणार होती. विभाग म्हणजे एकटे ओयार्स आणि लाटव्हियातल्या माणसांच्या, गावांच्या, ओढ्यांच्या नावांच्या तीन लाख चिठ्ठ्या. तीस वर्षे त्यांनी त्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. विभाग बंद झाला की चिठ्ठ्या तळघरात जाणार आणि ओयार्स घरी बसणार.

"काय हो, आज कोणाचा नामदिन?" त्यांनी पुढच्या माणसाला विचारले. तो इतिहास विभागातला होता. लाटव्हियात कॅलेंडरातल्या प्रत्येक दिवसाला नावे ठरलेली असतात, आणि आपल्या नावाचा दिवस वाढदिवसासारखा साजरा होतो.

"कोणाचा काय विचारता? संचालकबाईंचा! तुमच्याच कॅलेंडरात आहे की."

"याउत्रीतेबाईंचा? अहो, त्यांचा जुलैत असतो."

"सकाळी रेडिओवाले पण भलतंच नाव सांगत होते. आम्ही म्हटलं, रेडिओवाल्यांना काय कळतंय! आपल्याकडे नावांचा डॉक्टर बसलाय."

 ओयार्स कोट अंगावर तसाच ठेवून चौथ्या मजल्यावर धावले आणि टेबलावरचे कॅलेंडर उघडून बघितले. मंगळवारच्या चौकोनात ठसठशीत छापले होते, 'याउत्रीते'.

हे कसे झाले, हे कळायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही. संस्था दरवर्षी आपले कॅलेंडर छापते आणि कोणत्या दिवशी कोणत्या नावाचा नामदिन, हे तपासायचे काम अर्थातच ओयार्सकडे असते. गेल्या वर्षी कॅलेंडरची मुद्रिते तपासायला हातात असतानाच समितीची तारीख कळली. विसरायला नको म्हणून त्यांनी त्या चौकोनात पेन्सिलीने संचालकबाईंचे नाव लिहून ठेवले, म्हणजे त्या दिवशी बाईंना अहवाल द्यायचा. छापखान्याने ती दुरुस्ती समजून इमानेइतबारे छापली. चौकोन लहान, म्हणून तिथले मूळ नाव काढून टाकले. ते मूळ नाव ओयार्सनी एरवी झोपेतसुद्धा सांगितले असते, पण आज त्यांचे डोके चालेना.

नामदिनाला कोणी कोणाला बोलवत नाही. ज्याला ठाऊक असते तो येतो, आणि आलेल्याला कॉफी आणि गोड काहीतरी द्यावेच लागते. तसेच पाठवले तर माणसे दहा वर्षे बोलून दाखवतात. त्यात याउत्रीते या नावाचा अर्थ आनंदी. आईबापांनी फारच घाईने ठेवलेले नाव. बाईंनी गेल्याच महिन्यात चहाची सुट्टी सात मिनिटांवर आणली होती.

ओयार्स त्यांच्या खोलीत पोचले तेव्हा आत चाळीस माणसे होती आणि बाई हनुवटीपर्यंत फुलांत बुडून उभ्या होत्या. त्यांनी ओयार्सना खिडकीशी ओढले.

"डॉक्टर, आज काय आहे?"

समिती यायला दोन तास असताना खरे सांगणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे. "लोकांना वाटलं असेल," ओयार्स म्हणाले, "की यावं."

"माझ्याकडे?"

"हो."

बाईंनी फुलांवरून खोलीभर नजर फिरवली. मग एकदम भानावर येऊन कुजबुजल्या, "माझ्या कपाटात वाळक्या पावाचे तीन तुकडे आहेत. काहीतरी आणा. पळा!"

ओयार्स खाली पळाले. कोपऱ्यावरची बेकरी दहाला उघडणार होती. परत फिरताना त्यांची नजर कोटांच्या खिडकीवर गेली. फडक्याखाली परातीएवढे क्लिंगेरिस होते. केशर, मनुका घालून केलेला वेटोळ्याचा गोड पाव, वर बदामांचा थर. खिडकीत बावीस वर्षे कोट सांभाळणाऱ्या हेडविगाबाई बसल्या होत्या.

"हेडविगाबाई, हे कोणासाठी हो?"

"होतं कोणासाठी तरी. ने तू."

"खरंच नेऊ?"

"ने म्हटलं ना! इथं कोण मरायला येतंय खायला."

ओयार्सनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितले असते तर पुढचे बरेच टळले असते. पण ते क्लिंगेरिसकडे बघत होते.

अकराच्या ठोक्याला समिती आली. अध्यक्ष प्राध्यापक गिन्तौतास लाटव्हियन भाषा जुन्या लोकगीतांवरून शिकले होते आणि त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीच्या माणसासारखे बोलत. खोलीभर फुले बघून ते दारातच थबकले.

"हे याउत्रीते, शुभ असो तुझा दिन! आम्ही रित्या हस्ते पातलो, ही आमुची लज्जा."

"अहो, राहू द्या," बाई म्हणाल्या. पण लिथुआनियातही नामदिन असतात आणि तिथली माणसेही रिकाम्या हाताने बसत नाहीत. सगळी समिती फुले आणायला बाजारात गेली, ती बारा वाजता परतली. तोवर शेजारच्या दोन संस्था येऊन पोचल्या होत्या. बसायला जागाच उरली नाही, तेव्हा ओयार्सनी तीस पानांचा अहवाल व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगायला घेतला. कप ठेवायला काही नाही म्हणून कोणीतरी ओढ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्यांचा अख्खा खण ट्रेसारखा फिरवत होते. ते बघून ओयार्स दोनदा वाक्य विसरले.

"या विभागाचा समाजास उपयोग कोणता?" प्राध्यापकांनी कागदावर पेन टेकवून विचारले. ओयार्सनी उत्तर द्यायला तोंड उघडले, तेवढ्यात कोणीतरी प्रेमाने त्यात क्लिंगेरिसचा तुकडा कोंबला. प्राध्यापकांनी ती ओळ कोरी ठेवली.

दीड वाजता समिती निघाली. दोनची बस होती. खाली आले तर कोटांच्या खिडकीचे शटर बंद, आणि वर पुठ्ठा लटकवलेला: 'आज बंद. नामदिन.' मागून उतरलेल्या माणसांनी जिना भरून गेला.

"हेडविगाबाई, उघडा हो!" ओयार्सनी शटर वाजवले. "समितीची बस चुकेल!"

"जाऊ देत बिनकोटाचे."

"हे वस्त्रपालिके," प्राध्यापक पुढे झाले, "आमुची प्रावरणे दे. बाहेर शीत फार."

शटरमागून प्रश्न आला, "याला काय झालंय?"

"लिथुआनियाचे आहेत."

"मग ठीक आहे."

"पण हा नामदिन कोणाचा, बाई?" ओयार्सनी विचारले आणि विचारता विचारताच सकाळपासून बंद पडलेले त्यांचे डोके चालू झाले. चौकोनातले मूळ नाव होते हेडविगा.

"बावीस वर्षं," शटरमागून आवाज आला, "बावीस वर्षं या दिवसासाठी मी आदल्या दिवशी रजा काढून क्लिंगेरिस करते. कोट ठेवायला येणारा प्रत्येक जण एक तुकडा खायचा, दोन शब्द बोलायचा. आज एकशे चाळीस कोट घेतले मी. एकशे चाळीस जणांच्या हातात फुलं. आणि विचारलं काय? 'संचालकबाई वर आल्या का?' फुलांचे ओले कागद तेवढे माझ्यापुढे टाकून गेले मेले."

जिन्यावरची माणसे आपापल्या बुटांकडे बघू लागली. ओयार्सना फार लाज वाटली. सगळे छापखान्यावर ढकलता आले असते, आणि प्राध्यापकांच्या हातात मूल्यमापनाचे कागद अजून तसेच होते. पण शटरपलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला तसे ओयार्सना राहवेना.

"चूक माझी आहे," ते मोठ्याने म्हणाले. "आज संचालकबाईंचा नामदिन नाहीच. मी माझ्या आठवणीसाठी त्यांचं नाव लिहिलं, ते छापलं गेलं, आणि हेडविगाबाईंचं गेलं. सकाळी मला कळलं होतं. मी बोललो नाही."

याउत्रीतेबाई फुलांचा भारा घेऊन जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी ओयार्सकडे असे बघितले, की विभाग आता समितीने वाचवला तरी वाचेल असे वाटेना. मग त्या सरळ शटरपाशी गेल्या.

"हेडविगा, उघड. मी आहे."

"तुमचं चालू द्या."

"माझं काही नाहीच आज. तुझं क्लिंगेरिस मात्र खाल्लं मी, दोन तुकडे. बदाम कमी होते."

शटर वीतभर वर गेले. "कमी? पाव किलो घातलेत!"

"मला नाही दिसले."

शटर धाडकन पूर्ण उघडले. बाईंनी तत्क्षणी सगळी फुले आत ढकलली आणि हेडविगाबाईंना खिडकीतूनच मिठी मारली. संस्थेतल्या कोणीही त्यांना कोणाला मिठी मारताना बघितले नव्हते. पुन्हा रांग लागली. एकशे चाळीस माणसांनी एकेक करून शुभेच्छा दिल्या आणि मगच कोट घेतले. समितीही रांगेत उभी राहिली, आणि दोनची बस गेली.

"विल्न्यूसात आम्ही वीस खंडांचा कोश रचिला," आपली पाळी येईपर्यंत प्राध्यापक ओयार्सना म्हणाले. "एकही जन खुर्चीवरून उठला नाही. तू एक नाम चुकविले, तो एकशे चाळीस जन दोनदा उठले." त्यांनी कागद काढून कोऱ्या ओळीत लिहिले: 'उपयोग सिद्ध. विभाग चालू ठेवावा. मुद्रिते दुसऱ्या कोणीतरी तपासावीत.'

"मी तपासीन," हेडविगाबाई आतून म्हणाल्या.

चार वाजता ओयार्स ओढ्यांच्या चिठ्ठ्यांवरची कॉफी टिपत बसले होते, तेव्हा संचालकबाई त्यांच्या खोलीत आल्या. ओयार्स उठून उभे राहिले.

"डॉक्टर, पुढच्या वर्षी या तारखेला हेडविगाचं नाव आलं पाहिजे."

"हो बाई. आजच घालतो."

बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. "जुलैत माझ्याकडे कोण येतं ठाऊक आहे? सगळी रीगा समुद्रावर गेलेली असते. मी दरवर्षी केक आणते. गेल्या वर्षी एकटा पोस्टमन आला, तोही शेजारच्या घराचा पत्ता विचारायला."

ओयार्सनी घाईने पेन्सिल उचलली. "मी तुमचं नाव ऑक्टोबरातून काढून टाकतो, बाई. लगेच काढतो."

बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"हेडविगाचं घाला म्हटलं मी. माझं काढा असं कुठं म्हटलं?"

"चौकोन फार लहान आहे, बाई."

"मग अक्षर लहान करा," याउत्रीतेबाई म्हणाल्या आणि दार लावून निघून गेल्या.