जावईबापूंचा दम

लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याला सासुरवाडीच्या पायऱ्यांच्या विहिरीत वाकून बघताना बिराप्पाच्या बोटातली लग्नाची अंगठी पाण्यात पडली. "दिवाळीला येतो आन् मीच बुडी मारून काढतो," असं तो सगळ्यांदेखत बोलून गेला. सासुरवाडी कृष्णाकाठची, तिथल्या म्हाताऱ्या बायासुद्धा सूर मारतात. बिराप्पा जतकडचा. तिकडे गुडघाभर पाणी साचलं तरी माणसं बघायला जमतात. आता शब्द मोडला तर सासुरवाडीत जन्मभर मान खाली घालावी लागणार होती.

बायकोला विचारावं तर लाज. म्हणून तो सोप्यात बसून एकटाच दम धरायला शिकू लागला. पहिल्या दिवशी गाल फुगवून, मुठी आवळून मनात आकडे मोजत बसला, तर विसालाच डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग ध्यानात आलं, की अंग सैल सोडून आधी सावकाश पोटातून श्वास घेतला तर दम टिकतो. आठवड्यात साठापर्यंत मजल गेली. तळ गाठून वर यायला शंभर तरी हवेत, असं त्यानं आपलं आपणच ठरवलं होतं.

इकडे घरात घोळ सुरू झाला. आई धोंडुबाईनं जेवायला हाक मारली, उत्तर नाही. बायको बनुबाईनं हलवलं, तरी डोळे मिटून गप्प. नंतर विचारलं तर "कुटं काय?" म्हणत तो उठून जायचा.

"सण तोंडावर आलाय आन् ह्यो सासऱ्यावर रुसलाय गं बाई!" धोंडुबाईनं ठरवून टाकलं आणि व्याह्यांना सांगावा धाडला.

सासरे जोतीराम धावतपळत आले तेव्हा बिराप्पा सत्तरावर होता. एवढी मजल आजवर गेली नव्हती. आता दम सोडणं त्याच्या जिवावर आलं.

"जावईबापू, काय चुकलं आमचं? धोतरजोडी हलकी निघाली व्हय?"

एकाहत्तर. मामा कुठून उगवले? आणि धोतर कसलं?

"बरं, जरीचा फेटा देतो."

ऐंशी. फेटा कशाला?

"बकरं देतो! न्हाईतर दुभती म्हस न्या, पर बोला!"

नव्वद. बिराप्पाला काही म्हणजे काही कळेना.

"का अंगठीसाठी रुसलाय?" जोतीरामांनी कोपरीच्या खिशातून अंगठी काढून पुढ्यात ठेवली. "ही घ्या. दसऱ्याला दुपारी तुमी जरा आडवं झाला, तवाच बनूनं बुडी मारून काढली. तुमचा सबूद ऱ्हावा म्हणून दिवाळीला पाण्यातल्या पयल्या पायरीवर ठेवणार हुतो. हाताला लागंल अशी."

सत्त्याण्णवाला बिराप्पाचा दम सुटला. त्यानं बनुबाईकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून दाराआड उभी होती. आधी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग तिच्याविषयी एकदम भरून आलं.

"मामा," तो धापा टाकत म्हणाला, "म्हस ऱ्हाऊ द्या. अंगठी परत हिरीत टाका."

"आं?"

"पर पायरीवरच टाका."